टणक आणि चिवट: दोन्ही ‘मजबूत’, पण दाढ फोडतं एकच

फरशीवर पडलेला तुकडा मी आधी शिंगाचाच समजले. नखाएवढा, तिरपा, एका बाजूने चकचकीत पांढरा आणि दुसऱ्या बाजूने पिवळट, खरखरीत. उचलून शिंगाशी जुळवून पाहिला, तर कुठेच बसेना. शिंगावर साधा ओरखडाही नव्हता. माझा कुत्रा खंड्या शेपूट हलवत समोर उभा होता. त्याचा ओठ वर केला तेव्हा वरच्या मोठ्या दाढेची बाहेरची बाजूच गायब. कपची उडाली होती ती दाढेची.

दुकानात मी एवढंच म्हणाले होते, “याच्यापुढे काही टिकत नाही हो, काहीतरी मजबूत द्या.” मला चघळायला द्यायचं हरणाचं शिंग मिळालं. विकणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, शिंग मजबूतच होतं. घोळ त्या शब्दात आहे. ‘मजबूत’ म्हणताना आपण दोन वेगळे गुण एकाच पिशवीत कोंबतो. एक टणकपणा, दुसरा चिवटपणा.

टणक वस्तू स्वतःवर खूण उमटू देत नाही. काच टणक असते. चिवट वस्तूवर खूण उमटते, ती दबते, वाकते, ताणली जाते, पण तुटत नाही. गाडीच्या टायरमध्ये नख रुतवता येतं, म्हणून तो कमजोर ठरत नाही. हिरा इतर कशालाही ओरखडा पाडेल, पण त्याच्यावर हातोडी नीट बसली तर तो फुटतो. मराठीत ‘वातड’ असा छान शब्द आहे. आपण तो खाण्याला नावं ठेवायला वापरतो, पण कुत्र्याच्या चघळण्याच्या वस्तूला याहून चांगलं प्रशस्तिपत्र नाही.

गंमत म्हणजे दात स्वतःच या दोन गुणांची जोडी आहे. वरचं इनॅमल जवळजवळ सगळं खनिजाचं, शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ, आणि म्हणूनच ठिसूळ. त्याच्याखालच्या डेन्टिनमध्ये कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात, ते थोडं चिवट असतं आणि धक्का सोसतं. माणसाच्या दाढेवर इनॅमलचा थर दोन मिलिमीटरच्या पुढे जातो. कुत्र्यात तो बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरच्याही आत असतो. म्हणजे जबडा दांडगा आणि दातावरचं कवच पातळ. ‘याचे दात काय, लोखंड चावेल’ असं कौतुकाने म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की पटत नाही.

आता मोडते ती नेमकी तीच दाढ का? पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला ४२ दात असतात, पण जोराचं काम वरची चौथी उपदाढ (खंड्याची मोडली ती) आणि खालची पहिली दाढ ही जोडी करते. कुत्रा हाडूक डोकं तिरकं करून गालाच्या बाजूला सरकवतो ते तिथे नेण्यासाठीच. ही जोडी एकमेकींच्या शेजारून कात्रीसारखी सरकते. आपण घास दळतो तसा त्याचा जबडा आडवा फारसा फिरत नाही. शिवाय अडकित्त्यात सुपारी जितकी मागे धरावी तितका जोर जास्त, तोच हिशोब इथे लागतो. अडकित्त्यात सुपारी फुटते, खोडरबर फुटत नाही. आणि सुपारीच्या जागी अडकित्त्याच्या पात्याहून टणक काही घातलं, तर पातंच जातं.

दाढेची बाहेरची बाजू अशी सालपटासारखी निघाली की आतली नस बरेचदा उघडी पडते. कुत्रं त्यासाठी केकाटत बसत नाही. ते जेवतं, खेळतं, फक्त एकाच बाजूने चावायला लागतं आणि दुसऱ्या बाजूच्या दातांवर किटण चढत जातं. काही महिन्यांनी डोळ्याखाली सूज येते आणि घरचे म्हणतात, माशी चावली असेल. त्या दाढेला तीन मुळं असतात, वरची टोकं जवळजवळ डोळ्याखाली पोचतात, म्हणून सूज तिथे. इलाज दोनच, रूट कॅनाल किंवा दाढ काढणं, आणि दोन्हींसाठी पूर्ण भूल द्यावी लागते. खंड्याची काढली.

त्या दिवसापासून मी एक प्रश्न विचारायला शिकले. महिनोनमहिने चावूनही वस्तू नवीकोरी दिसत असेल, तर झीज गेली कुठे? दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की कुणीतरी झिजणारच. शिंग, गुराचं खूर, मांडीचं जाड हाड, दगड यांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा दातांकडे जातं. टेनिस बॉल दाबला जातो, तरी त्याच्यावरची लव खरकागदासारखं काम करते, त्यात धूळ-माती बसली की आणखीच. फेकून आणायला ठीक, तासन् तास चघळायला नको. काही कंपन्या खेळणं तुटलं तर बदलून देण्याची हमी देतात. हमी खेळण्याची असते, दाताची नसते, हे वाचताना लक्षात येत नाही. ‘अभेद्य’ या लेबलामागेही काही सक्तीची चाचणी असेल असं समजू नका. मुलांच्या खेळण्यांना असतात तसे बंधनकारक नियम अमेरिकेसारख्या मोठ्या बाजारातसुद्धा कुत्र्यांच्या खेळण्यांना नाहीत.

कॉंग या प्रसिद्ध रबरी खेळण्याच्या जन्माची हकिगत याच फरकाची आहे. जो मार्कहॅम या अमेरिकन माणसाकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता आणि तो दगड चावून चावून दात घालवत होता. १९७०च्या दशकात मार्कहॅम एक जुनी फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत असताना तिच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग बाजूला पडला आणि फ्रिट्झने दगड सोडून तो धरला. टणकाकडून चिवटाकडे कुत्रा आपणहून गेला. मजबूत म्हणजे काय हे मालकाच्या आधी त्याला कळलं. आजही त्या कंपनीच्या मालिकेत पिल्लांसाठी गुलाबी-निळं मऊ रबर, मधलं लाल आणि जोरकस चावणाऱ्यांसाठी काळं असे प्रकार आहेत. मात्र हा रंगांचा हिशोब त्यांचा स्वतःचा आहे. दुसऱ्या कुणाचं खेळणं काळं आहे म्हणून ते चिवट असेल असं नाही.

हातात घेऊन फरक ओळखायच्या दोन रीती दातांचे पशुवैद्य सांगतात. अंगठ्याचं नख दाबा, थोडं तरी रुतलं पाहिजे. दुसरी रीत मला जास्त आवडते. ती वस्तू स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर जरा जोरात मारून घ्यायची तुमची तयारी आहे का? शिंग हातात धरून हा विचार केला तरी माणूस मागे सरकतो. मी त्यात तिसरी भर घातली आहे: टेबलावर टाकून आवाज ऐकायचा. ‘टक्’ आला तर परत ठेवायचं, ‘धप्’ आला तर पुढे विचार करायचा.

चिवट म्हणजे अमर, असंही नाही. रबराचा वैरी जोर नसतो, चीर असते. अखंड रबर प्रचंड दाब सोसतं, पण एकदा कडेला फाटलं की फाट पुढे धावत जाते. म्हणून आकाराला महत्त्व. पातळ कान, पाय, शेपट्या, टोकदार कडा असलेलं खेळणं त्या कात्रीच्या दाढांना आयतं सापडतं. गुळगुळीत, गोलसर, जाड आणि दाढेपर्यंत सहज जाणार नाही इतकं मोठं असेल, तर तेच रबर कितीतरी जास्त टिकतं. मोठ्या कुत्र्याला लहान खेळणं दिलं की ते दोनदा फसतं, दाढेत जातं आणि घशातही जाऊ शकतं. पोकळ बॉलला एकच भोक असेल तर घेऊ नका. आत निर्वात पोकळी तयार होऊन जीभ ओढली जाते, अडकते आणि सुजते. दोन भोकं असली की हवा खेळती राहते.

पोकळ रबरात ओलसर खाणं भरून गोठवण्याची युक्ती चांगली. रबर गोठून दगड होईल अशी भीती नको. नैसर्गिक रबर काचेसारखं ठिसूळ व्हायला उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं, घरचा फ्रीझर उणे १८ ला असतो. भरायला पीनट बटर घेतलं तर डबीवर झायलिटॉल नाही ना ते वाचा. साखरेऐवजी वापरला जाणारा हा गोड पदार्थ माणसाला निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतो.

नायलॉनची हाडं मध्येच कुठेतरी बसतात, आणि माझं मत त्यांच्याबद्दल पक्कं होत नाही. ती सहज फुटत नाहीत, पृष्ठभाग कुरतडला जाऊन ब्रशसारखा होतो, निघणारे कण तांदळाच्या दाण्याएवढे असतील तर सहसा पोटातून निघून जातात. पण बरीचशी नखाच्या परीक्षेत नापास होतात. सावकाश चघळणाऱ्याला चालतील, मागच्या दाढेने दणादण फोडायला बघणाऱ्याला मी देणार नाही. कडा टोकदार झाल्या की फेकायचीच. दोरीची खेळणी चिवट असतात, पण धागा पोटात गेला तर आतडी चुण्या पडल्यासारखी गोळा होतात आणि चिरली जाऊ शकतात. ओढाताण करून झाली की दोरी कपाटात.

खाण्याच्या वस्तूंकडे वळलं की हिशोब बदलतो. खेळणं संपू नये ही अपेक्षा असते, खाऊ संपावा ही. त्यामुळे इथे ‘टिकाऊ’ हीच जाहिरात जरा संशयाने वाचावी. तोंडात तासभर न विरघळणारी वस्तू गिळली गेली, तर पोटात किती वेळ तशीच बसेल? रॉहाइड म्हणजे जनावराच्या कातड्याचा आतला थर. सुरुवातीला टणक, लाळेने चिवट आणि लिबलिबीत. दाताला ती तितकी वाईट नाही, धोका शेवटच्या तुकड्याचा. तो फुगलेला असतो आणि अधाशी कुत्रं तो न चावता गटकावतं. शिजवलेल्या हाडाला तर दोन्ही दोष लागू होतात: टणक आहे म्हणून दात जातो, ठिसूळ आहे म्हणून सुळक्यासारखे तुकडे होतात. बाजारात हाडांचे भाजलेले, धुरावलेले खाऊही मिळतात. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) २०१७ मध्ये त्यांच्याविषयी इशारा दिला होता, घशात आणि आतड्यांत अडकण्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या.

याकच्या दुधाच्या चीजची कांडी कोरडी असताना दगडाच्या जवळ जाते. बुली स्टिक, म्हणजे बैलाचं वाळवलेलं शिश्न, चघळता चघळता मऊ पडते आणि पचते, म्हणून मला ती त्यातल्या त्यात बरी वाटते. पण तिचं वजन कुत्र्याच्या अंगावर येतं. अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी मोजल्या तेव्हा एका इंचात ९ ते २२ कॅलरी निघाल्या. दिवसाच्या आहारातला खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, या नेहमीच्या नियमात लहान कुत्र्याला अर्धी कांडीसुद्धा जड होते. दातांच्या स्वच्छतेसाठी घेत असाल तर व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मोहोर बघा. ही संस्था १९९७ पासून चाचण्यांचे निष्कर्ष तपासून मोहोर देते. पण ती मोहोर किटण कमी होतं एवढंच सांगते, जोरकस जबड्यापुढे कांडी किती वेळ टिकेल हे नाही.

पिल्लांचे २८ दुधाचे दात सुईसारखे आणि नाजूक असतात, त्यांच्यासाठी टणक हा शब्दच खोडून टाका. आणि ‘याचा जबडा लॉक होतो’ हे पिट बुलबद्दल ऐकलं असेल, तर तसं काही कुलूप कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात नसतं. सोडत नाही तो हट्ट असतो. तोंडातलं हिसकावण्यापेक्षा समोर दुसरं काही आवडीचं धरलं की तोच सोडतो.

खंड्याकडे आता एक जाड, काळं, ओबडधोबड रबर आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. आणलं तेव्हा ४१२ ग्रॅम होतं, परवा ४०३ भरलं. नऊ ग्रॅमपैकी बरेचसे काळे कण मला सोफ्याखाली झाडताना सापडले आहेत. उरलेले कुठे गेले असतील ते सकाळी फिरायला गेल्यावर दिसतं. एका महिन्यात पाच ग्रॅमहून जास्त घट झाली किंवा कडेला बोटभर चीर दिसली, की ते बाद आणि नवं आणायचं. नवं आणताना दुकानात मी ‘मजबूत’ म्हणत नाही. खिशातून अंगठा बाहेर काढते आणि नख दाबून बघते.