बाउन्स रेटची पार्श्वभूमी

सर्चमधून आलेला वाचक पानावर रमला की लगेच परतला, हे बहुतेक जण आजही बाउन्स रेटवरून, म्हणजे न रमता परतलेल्या भेटींच्या टक्केवारीवरून, ठरवतात. हा आकडा येण्याआधी सर्व्हरच्या लॉग फाइली होत्या, हिट काउंटर होते. त्यात फक्त मोजदाद व्हायची. नोव्हेंबर २००५ मध्ये साइटवरच्या भेटी मोजणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट मिळू लागलं आणि लहानसहान साइटवाल्यांच्याही हाती हा आकडा आला.

खरा घोळ व्याख्येत आहे. जुन्या पद्धतीत एकच पान पाहून गेलेली भेट म्हणजे बाउन्स. पानावरचा वेळ हा एक पान उघडल्यापासून पुढचं पान उघडेपर्यंतचा; पुढचं पान उघडलंच नाही, तर वेळ शून्य. सातबारा उतारा कसा काढायचा हे कुणी सर्चमधून येऊन आठ मिनिटं नीट वाचलं आणि थेट सरकारी संकेतस्थळ गाठलं, तर हिशेबात तो न रमलेला वाचक. ज्याचं काम झालं, तोच नापासांच्या यादीत! हा आकडा खाली आणायला कित्येकांनी एका लेखाची चार पानं केली, फोटोगणिक ‘पुढे’ची बटणं लावली. वाचकाला त्याचा निव्वळ जाच झाला. जाणकारांनी ठरावीक सेकंदांनी आपोआप नोंद पाठवणारा कोड बसवला, तो उपाय त्यातल्या त्यात प्रामाणिक होता.

त्यातच ऑक्टोबर २०११ पासून गूगलवर टाइप केलेले शोधशब्द अ‍ॅनालिटिक्सच्या अहवालांतून झाकले जाऊ लागले. वाचक कोणता प्रश्न घेऊन आला हेच दिसेना, तेव्हा बाउन्स रेटवरची भिस्त आणखी वाढली.

ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या जीए४ ने, म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या नव्या आवृत्तीने, बाउन्स रेट काढूनच टाकला. त्याजागी एंगेजमेंट रेट आला: भेट १० सेकंदांहून जास्त टिकली, दोन पानं पाहिली गेली किंवा ठरवलेली महत्त्वाची कृती घडली, यातलं काही एक पुरे. हा बदल योग्यच होता. पण ओरड झाली आणि जुलै २०२२ मध्ये बाउन्स रेट परतला, तो १०० मधून एंगेजमेंट रेट वजा करून. नाव तेच, मोजमाप वेगळं. १ जुलै २०२३ पासून जुनी प्रणाली नवी नोंद घेईनाशी झाली. नव्या प्रणालीत अनेकांचा बाउन्स रेट एकदम उतरला, आणि पानं न सुधारताच ती सुधारल्याचे अहवाल ग्राहकांपुढे गेले. शिवाय ती १० सेकंदांची मर्यादा ज्याला त्याला ६० पर्यंत वाढवता येते, त्यामुळे दोन साइटींचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोघांची सेटिंग विचारावी लागते.