जाताना साडेसात तास, येताना साडेनऊ

सांगलीतून कुणाची लेक नोकरीसाठी जपानला निघाली की घरात तिकीट हातोहात फिरतं. समजा, दिल्लीहून रात्री आठला सुटलेलं विमान सकाळी सातला टोकियोत. म्हणजे अकरा तास! परतीला सकाळी अकराला निघून संध्याकाळी पाचला दिल्ली. सहाच तास? जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. तेवढी दुरुस्ती केली की चित्र फिरतं: जाताना साडेसात, येताना साडेनऊ. अंतर मात्र तेच, सरळ मोजलं तर सुमारे ५,८६० किलोमीटर.

"पृथ्वी फिरते ना, म्हणून," असं कुणीतरी ठामपणे सांगतंच. पण पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे. या क्षणी अख्खी सांगली ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने पूर्वेला चालली आहे. विमान वर गेल्यावर जमीन खालून सरकली असती, तर उलट पश्चिमेकडे येणंच झटपट झालं असतं. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीसोबत फिरते. आणि नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर तर ती जमिनीच्याही पुढे पळते.

हा जेट प्रवाह. विषुववृत्ताकडची उष्ण हवा ध्रुवाकडे सरकते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. उष्ण आणि थंड हवेतला फरक जितका मोठा, तितका वारा जोरदार. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण आडून. हिवाळ्यात जपानवर हा वारा ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. वासाबुरो ओईशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला. साऱ्या जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या जगाची सामायिक भाषा व्हावी म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला, आणि जगाने तो वाचलाच नाही! दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेली अमेरिकन बी-२९ विमानं या वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली.

कृष्णेतल्या होडीचं शाळेतलं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं. विमानाचा हवेतला वेग ताशी ८८० धरा, वाटेतला सरासरी वारा १२०. जाताना वेग १,०००, येताना ७६०. म्हणजे ५.९ तास आणि ७.७ तास, धावपट्टी, चढण-उतरण आणि वळसे धरून वरचे आकडे येतात. गंमत म्हणजे दोन्ही फेऱ्या मिळून वारा नसतानापेक्षा पाव तास जास्तच लागतो. जाताना कमावलेलं येताना व्याजासकट फेडावं लागतं, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

वळशांचं एक कारण तिबेट. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट तीन किलोमीटर उंचीपर्यंत उतरावं लागतं, आणि तिबेटची जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून वैमानिक सहसा बंगाल, म्यानमारवरून जातात.

उन्हाळ्यात जेट प्रवाह मंदावतो, उत्तरेला सरकतो आणि जाण्या-येण्यातला फरकही कमी होतो. लेक गणपतीला आली तर येताना थोडी लवकर पोचेल. संक्रांतीला आली तर मात्र दिल्ली-पुणे विमानाची वेळ जरा सैल धरलेली बरी.