किनारा सहल (मुंबई)

किनारा सहल : प्रवासी जहाज बंदरात उभे असताना प्रवाशांनी उतरून केलेली आणि जहाज सुटण्याआधी संपवायची भटकंती. मुंबईत ती बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुरू होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (जागतिक वारसा, 2004) व गेटवे ऑफ इंडिया (1924) तेथून जवळ आहेत; अर्ध्या दिवसाला तेवढे पुरे. कान्हेरीची लेणी बोरिवलीच्या बाजूला असल्याने वाहतूक कोंडीचा हिशेब धरून पूर्ण दिवस हाताशी हवा.

सर्वाधिक ओढ असते ती घारापुरीची, म्हणजे एलिफंटा बेटावरील लेण्यांची (जागतिक वारसा, 1987). तेथील मुख्य शैव लेण्याचा काळ व कर्ते यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. चालुक्य राजा पुलकेशी दुसरा याच्या ऐहोळे शिलालेखात (634) कोकणच्या मौर्यांची ‘पुरी’ जिंकल्याचा उल्लेख आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी असे मानून काहींनी लेण्याचे श्रेय या मौर्यांना दिले. परंतु पुरी म्हणजे जंजिऱ्याजवळची राजपुरी, असेही एक मत आहे. जुन्या लेखनात राष्ट्रकूटांचे नाव येते. बेटावर सापडलेली कलचुरी घराण्यातील राजा कृष्णराज याची नाणी आणि शिल्पशैली यांच्या आधारे कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी लेणे सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ठेवले आहे व ते अधिक ग्राह्य वाटते. वाद मिटवू शकला असता असा शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठविला, असे दियोगु दो कोतू या इतिहासकाराने नोंदविले आहे. पुढे तो हरवला.

घारापुरीला जाण्यासाठी गेटवेहून लाँच मिळते. सुमारे तासाभराचा प्रवास. शेतबंदरच्या धक्क्यावर उतरून शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघेदुखी असणाऱ्यांना डोलीची सोय आहे. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात लाँचसेवा अनियमित होते. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगबोट आदळून मोठी जीवितहानी झाली. त्यामुळे जीवरक्षक जाकीट अंगात घालून पट्टे आवळल्याशिवाय लाँचमध्ये बसूच नये आणि गच्च भरलेली लाँच सोडून द्यावी.

जहाजावर परतण्याची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधीची असते. बेत तिथून उलटा मोजत आखावा. घारापुरीसाठी परतीच्या लाँचची वाट पाहण्याचा वेळही त्यात धरावा. जहाजावरील घड्याळ आणि किनाऱ्यावरील वेळ यांत कधी कधी फरक असतो, तो उतरतानाच पाहून घ्यावा. जहाज कंपनीमार्फत गेलेल्या सहलीला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते, स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. परदेशी प्रवाशांना व्हिसाची पूर्तता आधीच करावी लागते.

पोर्तुगीजांनी ज्यावरून बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले तो दगडी हत्ती राजबंदरच्या बाजूला होता. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात फुटला. जोडलेला हत्ती आज भायखळ्याच्या राणीबागेशेजारी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. लाँचचा बेत जमला नाही, तर तो तरी पाहता येतो.