माळ्यावरचा रेडिओ आणि शंभरचा बल्ब

मे महिन्यात बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका गावातून एक आजी आणि त्यांचा नातू पोत्यात गुंडाळलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या निर्वात नळ्या असलेला, रेडिओ घेऊन माझ्याकडे दुरुस्तीला आले. आजोबा गेल्यापासून वीस-बावीस वर्षं सेट माळ्यावर पडून होता. घर रंगवायला काढलं तेव्हा तो खाली आला. नातवानं हौसेनं पुसला आणि प्लग घातला. "आधी डायलचा दिवा लागला. मग घूंऽऽ करायला लागला आणि मागनं धूर आला की," नातू सांगत होता. आजींनी एवढंच विचारलं, "व्हॉल्व्ह गेला काय हो?"

व्हॉल्व्ह गेला नव्हता. तो सहसा जातच नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनलेले जुने ईएल ८४ जातीचे, स्पीकर चालवणारे व्हॉल्व्ह आजही माझ्या टेबलावर सुरेख चालतात. काचेच्या आतली निर्वात पोकळी टिकून असली, तर व्हॉल्व्ह झिजतो तो वापरानं. नुसतं पडून राहून त्याचं फारसं काही बिघडत नाही. पडून राहिल्यानं बिघडतो तो कंडेन्सर. पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात, पण बेळगावच्या खडे बाजारात त्याच नावानं मागितला तर दुकानदार क्षणभर थांबतो, म्हणून मीही कंडेन्सरच म्हणतो.

कंडेन्सर म्हणजे दोन धातूचे पत्रे आणि मध्ये वीज न वाहू देणारा थर. पत्र्यांवर विद्युतभार साठतो आणि गरज पडली की बाहेर येतो. रेडिओच्या पॉवर सप्लायमधला (घरातली वीज सेटला लागेल तशी करून देणारा भाग) मोठा, डब्यासारखा कंडेन्सर इलेक्ट्रोलायटिक जातीचा असतो आणि त्याची रचना मला अजूनही थक्क करते. त्यातला रोधक थर कुणी कागदासारखा कापून घातलेला नसतो. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर विजेच्याच साहाय्यानं ऑक्साइडचा थर वाढवलेला असतो. जाडी साधारण एका व्होल्टला १.४ नॅनोमीटर. म्हणजे ३५० व्होल्टच्या कंडेन्सरमध्ये हा थर जेमतेम अर्धा मायक्रोमीटर भरतो, माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. पट्टीशेजारी ओलसर रसायनात भिजलेला कागद असतो. ते रसायन म्हणजे इलेक्ट्रोलाइट.

या थराला बारीक बारीक भोकं पडतच असतात. सेट चालू असला की त्या भोकांतून किंचित वीज गळते आणि तीच वीज तिथं नवं ऑक्साइड तयार करून भोक बुजवते. सेट वापरात असेपर्यंत हा भाग आपली डागडुजी आपणच करत राहतो. सेट माळ्यावर गेला की डागडुजी थांबते. इलेक्ट्रोलाइट थर हळूहळू खात राहतो आणि स्वतःही सुकत जातो. वीस वर्षांनी एकदम अडीचशे-तीनशे व्होल्ट आले की त्या विरलेल्या थरातून भरमसाट वीज वाहते, डबा तापतो, आत वायू तयार होतो आणि कधी कधी डबा फुटतो.

नातवानं ऐकलेली घूं याच कारणानं होती. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. रेक्टिफायर व्हॉल्व्ह, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेची करणारा, दोन्ही अर्धी आवर्तनं वापरतो, त्यामुळे बाहेर पडणारा विजेचा दाब सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. हा चढउतार सपाट करणं हे त्या मोठ्या कंडेन्सरचं काम. तो निकामी झाला की १०० हर्ट्झचा तो हेलकावा सरळ स्पीकरमधून ऐकू येतो. जाणकार कारागीर नुसत्या कानानं ओळखतो की हा पॉवर सप्लायचा हम, म्हणजे घूं, आहे.

या सेटमध्ये दुसरं एक दुखणं होतं, आणि ते जास्त फसवं. ईएल ८४ च्या ग्रिडला, म्हणजे आतली वीज कमीजास्त करणाऱ्या जाळीला, आधीच्या टप्प्यावरून आवाज आणून देणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा (हे साठवणीचं माप) कागदी कंडेन्सर. मेणात बुडवलेला, बोटाच्या पेराएवढा. त्यानं आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि मागचा एकाच दिशेचा, न बदलणारा विजेचा दाब मात्र अडवायचा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. त्या हवेत कागदानं वीस पावसाळे ओल शोषली होती. मल्टिमीटर लावला तर त्यात काहीच दिसेना, कारण मीटर ओहम मोजतो तो मोजक्या व्होल्टांवर. शंभर व्होल्ट दिले तेव्हा कंडेन्सर गळायला लागला. त्याचा रोध, म्हणजे वीज अडवण्याची ताकद, उरला होता सुमारे १० मेगाओहम (एक कोटी ओहम).

१० मेगाओहममधून होणारी गळती म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हिशोब करून बघा. मागे १०० व्होल्ट, ग्रिडपासून सेटच्या शून्य व्होल्टच्या तारेपर्यंत ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स (रोध देणारा भाग). म्हणजे ग्रिडवर साडेचार व्होल्ट येऊन बसतात, जिथं शून्य असायला हवेत. या व्हॉल्व्हचा कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, सात व्होल्टांच्या आसपास असतो आणि ग्रिडपेक्षा तेवढा वर असल्यामुळेच व्हॉल्व्ह लगामात राहतो. ग्रिडच वर चढलं की लगाम सुटतो. १२ वॉटपर्यंत उष्णता सोसणारा ॲनोड, म्हणजे ते इलेक्ट्रॉन झेलणारा पत्रा, लालबुंद होतो आणि व्हॉल्व्ह व स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसाएवढी तार जळते. ती गुंडाळून देणारे आता फारच थोडे उरलेत. नातवानं झटकन प्लग ओढला म्हणून फक्त एक रेझिस्टन्स जळाला. मी त्याची पाठ थोपटली.

म्हणून माझ्याकडे आलेल्या कुठल्याही जुन्या सेटला पहिल्यांदा वीज मिळते ती शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बातून. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, बल्ब आणि सेट एकामागोमाग एक जोडलेले. सिरीज बोर्ड. बेळगावच्या शहापुरात ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद म्हणायचे, "गडबड कशाला करतोस? त्याला आधी दम घेऊ दे की."

यात बल्बाची तार खरं काम करते. गरम असताना तिचा रोध ५२९ ओहम (२३० गुणिले २३०, भागिले १००), पण थंड असताना ४० ओहमच्या आसपास. सेट ठीक असेल तर थोडीच वीज वाहते, तार फारशी तापत नाही आणि बल्ब मंद राहतो. आत कुठे शॉर्ट असेल तर तार तापते, रोध दहापटीहून अधिक वाढतो आणि वीज आपोआप अर्ध्या अँपिअरच्या आत अडते. बल्ब लख्ख पेटला की समजायचं, आत गडबड आहे. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून आधी ट्रान्सफॉर्मर तपासायचा, मग तो बसवून पुढचं. एलईडी बल्ब इथं चालत नाही, त्यात तापणारी तारच नसते. पिवळे बल्ब मिळेनासे होतायत, म्हणून मी डझनभर घेऊन ठेवलेत.

हे सगळं जुन्या काळातलं वाटत असेल तर भिंतीवरचा एलईडी टीव्ही बघा. बंद पडून येणाऱ्या कित्येक टीव्हींमध्ये दोष तोच, इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. स्टँडबायचा लाल दिवा मिचमिचतो आणि सेट चालू होत नाही. मागचं झाकण काढलं की सप्लायच्या बोर्डावर १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर डोकं फुगवून उभा असतो. त्याच्या टोपीवर मुद्दाम खाचा दिलेल्या असतात, वायू साठला तर तिथून निघावा म्हणून. इथं आयुष्य ठरवते उष्णता. दर दहा अंशांनी आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कंडेन्सर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकावा. रोज सहा तास टीव्ही लावला तर ती झाली चौदा-साडेचौदा वर्षं. त्याच जागी थोडे पैसे वाचवून तेवढ्याच तासांचा पण ८५ अंशांचा घातला तर पावणेचार वर्षंसुद्धा भरत नाहीत. म्हणून दुरुस्तीत कुठला घातला ते जरूर विचारा, आणि टीव्ही भिंतीच्या कोनाड्यात कोंडू नका.

घरी उघडून बघण्याची हौस असेल तर एक गोष्ट कळकळीनं सांगतो. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नाही. टीव्हीच्या सप्लायमधल्या मुख्य कंडेन्सरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही तर त्याहून धोक्याचा, कारण ती ट्यूब स्वतःच एक कंडेन्सर आहे. आतून लेप, बाहेरून काळा ग्रॅफाइटचा लेप, मध्ये काच. १७४५-४६ साली युरोपात ज्या काचेच्या बरणीत पहिल्यांदा वीज साठवली गेली, त्या लेडनच्या बरणीचीच ही रचना. फरक एवढाच की रंगीत ट्यूबमध्ये सुमारे २५,००० व्होल्ट असतात. शिकलेल्या माणसाशिवाय तिथं कुणीही हात घालू नये.

आजींच्या सेटमधले दोन मोठे इलेक्ट्रोलायटिक आणि सगळे कागदी कंडेन्सर बदलले. कागदींच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर. सुकलेल्या इलेक्ट्रोलायटिकला पुन्हा जागं करायचा प्रयत्न काही जण करतात. साठ वर्षांच्या डब्यावर मी तो करत नाही. व्हॉल्व्ह सगळे मूळचेच राहिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात आजी आल्या तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती. काटा ७६५ किलोहर्ट्झजवळ नेला आणि धारवाड लागलं. डायलच्या काचेवर १२५१ च्या आसपास लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. आजी म्हणाल्या, "ती सांगली. ह्यांनीच खूण केली होती."

निघताना त्यांनी विचारलं, "आता दर वेळी त्या बल्बाला जोडूनच लावायचं काय?" नाही म्हटलं, आता सरळ प्लग घाला. फक्त पुन्हा माळ्यावर टाकू नका. महिन्यातून एकदा तासभर वाजवा, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि एरियल दोन्ही काढून ठेवा.