नवी टीटी सायकल घेण्याआधी: सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी

साताऱ्यात पळणाऱ्यांचा कधी तुटवडा नव्हता. हिल हाफ मॅरेथॉनने यवतेश्वरचा घाट घरोघरी पोचवला, आणि घाट पळून झाला की माणूस पुढचं काहीतरी शोधतोच. मग सायकल येते, सायकलीमागून पोहण्याचा क्लास येतो आणि एके दिवशी कोणीतरी गोव्याच्या हाफ आयर्नमॅनचा फॉर्म भरतो. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची, वर २१.१ किलोमीटर पळायचं. पैसे भरून झाले की लगेच चर्चा सुरू होते: आहे त्या रोड बाइकवर भागवायचं, की टीटी, म्हणजे टाइम ट्रायलची, एकट्याने घड्याळाशी शर्यत लावायची सायकल घ्यायची? घ्यायचीच तर दुकानात आहे ती, की नवं मॉडेल येतंय म्हणतात त्याची वाट बघायची?

कंपन्यांचे व्हिडिओ बघून याचं उत्तर मिळत नाही, कारण त्यांच्या हिशेबी दरवर्षीची सायकल आधीच्या सायकलीपेक्षा वेगवान असते. या सायकलींचा आकार असा विचित्र का झाला ते माहीत असलं, तर नव्यातलं खरं नवं ओळखता येतं. माझ्या मते हा आकार प्रयोगशाळेपेक्षा नियमपुस्तकांनी जास्त घडवला आहे.

सुरुवातही एका मनाईपासूनच होते. १८९० मध्ये इंग्लंडच्या नॅशनल सायक्लिस्ट्स युनियनने सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यती बंद केल्या. घोळक्याने सायकली पळाल्या की घोडागाडीवाले तक्रार करायचे, पोलिस यायचे, आणि एकंदर सायकलिंगवरच बंदी येईल अशी युनियनला धास्ती होती. यातून वाट काढली एफ. टी. बिडलेक यांनी. ऑक्टोबर १८९५ मध्ये नॉर्थ रोड क्लबच्या ५० मैलांच्या स्पर्धेत त्यांनी स्वारांना एकेक करून, ठरावीक अंतराने सोडलं. शर्यत घड्याळाशी, शेजारच्याशी नाही. पुढे कित्येक दशकं या स्पर्धा भल्या पहाटे, काळ्या कपड्यांत आणि मार्गाला सांकेतिक नाव देऊन होत राहिल्या. रस्त्याने जाणाऱ्याला शर्यत चाललीय हे कळूच नये, असा सगळा बंदोबस्त.

एकट्याने चालवायची म्हटलं की वारा सगळा आपल्याच अंगावर. घोळक्यात पुढच्याच्या आडोशाला बसता येतं, इथे तो आडोसाच नाही. सपाटीवर ताशी ४० किलोमीटरला लागणाऱ्या ताकदीचा ८० टक्क्यांहून जास्त भाग हवा कापण्यात जातो, आणि वेग वाढला की लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. शिवाय त्या हवेला अडवणारी मुख्य वस्तू सायकल नसून स्वार असतो. एकूण अडथळ्यातला साधारण तीन चतुर्थांश वाटा शरीराचा. हा आकडा लक्षात असू द्या, पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

टूर द फ्रान्समध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल पहिल्यांदा १९३४ मध्ये झाली. ला रोश-सुर-याँ ते नाँत हा ९० किलोमीटरचा टप्पा आंतोनॅन मान्य यांनी जिंकला आणि ती टूरही त्यांचीच झाली. पण सायकल नेहमीचीच होती. त्यानंतर चाळीसेक वर्षं सुधारणा म्हणजे वजन कमी करणं. लोक ब्रेकच्या दांड्यांना, चेनरिंगला, सीटच्या नळीला भोकं पाडत बसत. इंग्लंडच्या आल्फ एंगर्स यांनी १९७८ मध्ये अशाच सायकलवर २५ मैल ४९ मिनिटं २४ सेकंदांत पार केले. आज त्या भोकांकडे बघून हसू येतं, पण तेव्हा वाऱ्यापेक्षा वजनाचं वेड मोठं होतं. (आपल्याकडे ते अजून आहे. कोणाची नवी सायकल बघायला गेलं की पहिला माणूस ती एका हाताने उचलून बघतो.)

ते वेड उतरवलं इटलीच्या फ्रान्चेस्को मोझर यांनी. जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत, चार दिवसांच्या अंतराने दोनदा, त्यांनी तासाचा विक्रम, म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम मोडला: आधी ५०.८०८, मग ५१.१५१ किलोमीटर. त्याआधीचा एडी मर्क्स यांचा १९७२ चा विक्रम ४९.४३१ किलोमीटरचा होता. मोझर यांच्या सायकलीला आऱ्या नव्हत्या, भरीव डिस्कची चाकं होती. ती जड होती, तरीही विक्रम झाला. उंचावरच्या विरळ हवेचा हातभार होताच, पण वजनापेक्षा आकार महत्त्वाचा हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

दरम्यान अमेरिकेत एक नवाच खेळ रांगायला लागला होता. सॅन डिएगोच्या मिशन बे इथे सप्टेंबर १९७४ मध्ये पोहणं, सायकल आणि धावणं एकत्र असलेली स्पर्धा, म्हणजे ट्रायथलॉन झाली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतल्या ओआहू बेटावर नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स यांच्या कल्पनेतून पहिला आयर्नमॅन झाला. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केला आणि गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिले आले. या खेळाला सायकलिंगची परंपरा नव्हती, तिची बंधनंही नव्हती. पुढच्याच्या मागे चिकटून चालवायचं नाही हा नियम तेवढा होता. म्हणजे पुन्हा एकटा माणूस आणि वारा, पण या वेळी काहीही करून बघायची मोकळीक.

त्या मोकळीकीतून एरोबार आला, म्हणजे कोपरं टेकून हात पुढे धरायचा हँडलचा जोड. बून लेनन हे मूळचे स्कीइंगचे प्रशिक्षक. उतारावरून येणारा स्कीअर दोन्ही हात पुढे घेऊन, अंग दुमडून बसतो, तशीच बैठक सायकलवर आणायची हा त्यांचा विचार. स्कॉट कंपनीने तो बार बनवला आणि १९८७ पासून ट्रायथलीटांनी तो उचलून धरला. रोडवाल्यांनी मात्र नाक मुरडलं.

मग आला २३ जुलै १९८९. टूरचा शेवटचा टप्पा व्हर्सायहून पॅरिसपर्यंत, फक्त २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. लोराँ फिन्याँ यांच्याकडे ५० सेकंदांची आघाडी होती, आणि एवढ्या अंतरात ती भरून निघणं बहुतेकांना अशक्य वाटत होतं. ग्रेग लेमाँड एरोबार लावून, मागे निमुळतं होणारं हेल्मेट घालून उतरले. फिन्याँ यांच्या सायकलीला पुढे-मागे दोन्ही चाकं डिस्कची, पण एरोबार नाही, हेल्मेट नाही आणि पोनीटेल वाऱ्यावर. लेमाँड यांनी ताशी ५४.५ किलोमीटरच्या सरासरीने ५८ सेकंद कमावले आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली. फिन्याँ यांना बैठकीच्या जागी जखम झाली होती हेही खरं. तरी त्या दुपारनंतर एरोबारला नावं ठेवणारा कोणी उरला नाही. शरीर आवरून घेण्याचं महत्त्व दोन-दोन डिस्क चाकांपेक्षा जास्त निघालं.

नुसता बार जोडून भागत नव्हतं. रोड बाइकची सीटची नळी जमिनीशी ७३ अंशांच्या आसपास कोन करून झुकलेली असते. तिच्यावर एरोबार लावून खाली वाकलं की मांड्या पोटाला लागतात, कंबर आवळली जाते, श्वास अडतो. कॅलिफोर्नियातले डॅन एम्पफील्ड यांनी १९८९ मध्ये क्विंटाना रू या आपल्या कंपनीची सुपरफॉर्म सायकल आणली. तिची सीट-नळी बरीच उभी, ८० अंशांच्या जवळपास. स्वार पुढे सरकला, मांडी आणि धड यांच्यातला कोन मोकळा झाला. फक्त ट्रायथलॉनसाठी बनलेली पहिली सायकल म्हणून तिचं नाव घेतात. उतरल्यावर पळायला पाय मोकळे राहतात हा तिचा आणखी एक लाभ सांगितला गेला. आज दुकानात जी ट्राय बाइक दिसते तिची भूमिती अजूनही हीच आहे.

नव्वदच्या दशकात मजा झाली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन यांनी माइक बरोज यांच्या कल्पनेतल्या, कार्बनच्या एकसंध लोटस सायकलवर परस्यूटचं, म्हणजे ट्रॅकवरच्या पाठलागाच्या शर्यतीचं सुवर्ण घेतलं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडचे ग्रेम ओब्री यांनी घरी बनवलेल्या सायकलवर, जिच्यात वॉशिंग मशीनमधलं बेअरिंग बसवलं होतं, ५१.५९६ किलोमीटरचा तासाचा विक्रम केला. सहाच दिवसांनी बोर्डमन यांनी तो ५२.२७० वर नेला. ओब्री यांची हात छातीखाली दुमडलेली बैठक १९९४ मध्ये जागतिक संघटनेने, म्हणजे यूसीआयने, बंद केली. त्यांनी हात सरळ पुढे ताणलेली दुसरी बैठक शोधली, पुढे तीही बंद झाली.

यूसीआयने १९९६ मध्ये लुगानो इथे जाहीरनामा काढला: खेळ माणसांचा राहावा, यंत्रांचा होऊ नये. त्यातून निघालेले नियम २००० पासून लागू झाले. तेव्हाचे नियम असे: फ्रेमला दोन त्रिकोणांची पारंपरिक रचना हवी, नळीची पुढून मागे खोली जाडीच्या तिपटीपेक्षा जास्त नको, सीटचं टोक पेडलच्या अक्षापासून किमान ५ सेंटिमीटर मागे हवं, वजन ६.८ किलोपेक्षा कमी नको. ट्रायथलॉनला यातलं बहुतेक काही लागू झालं नाही. इथे दोन घराणी वेगळी झाली: यूसीआयच्या चौकटीतली टीटी आणि चौकटीबाहेरची ट्राय बाइक.

व्यवहारात मात्र बरीच वर्षं दोन्ही एकच होत्या. कार्बनचा साचा महाग पडतो. एकाच साच्यातून व्यावसायिक संघांना आणि हौशी ट्रायथलीटांना सायकली पुरवणं कंपन्यांना परवडायचं. १९९५ मध्ये सुरू झालेल्या सर्व्हेलो कंपनीने याच वाटेने नाव काढलं. २०११ नंतर स्पेशलाइज्ड कंपनीच्या 'शिव' या मॉडेलसारख्या सायकलींनी ट्रायथलॉनसाठी वेगळा साचा काढायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये सर्व्हेलो पी५एक्स व डायमंडबॅक अँडियन या सायकली आल्या, त्यांच्या फ्रेमचा आकार टूरमध्ये चाललाच नसता. पाण्याच्या जागा, खाऊचे डबे, पंक्चरचं सामान, सगळं फ्रेमच्या पोटात. तसल्या सगळ्याच सायकली बाजारात टिकल्या नाहीत, पण सामान फ्रेममध्ये सामावून घ्यायची कल्पना टिकली, आणि ९० किंवा १८० किलोमीटर चालवणाऱ्याला ती खरंच कामाची आहे.

नव्या मॉडेलच्या वावड्यांचाही एक उगम आहे. २०११ पासून शर्यतीत उतरणाऱ्या नव्या फ्रेमना यूसीआयची आगाऊ मंजुरी लागते, आणि मंजूर फ्रेमची यादी जाहीर होते. शौकीन ती यादी चाळत बसतात. जुलैत टूरच्या आधी टीटी आणि ऑक्टोबरच्या सुमारास हवाईतल्या कोना इथल्या आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेच्या तोंडावर ट्राय बाइक बाहेर काढायची, ही कंपन्यांची जुनी सवय.

आपल्याकडे हे वारं उशिरा पोचलं. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकचा आयर्नमॅन पूर्ण केला. त्याच वर्षी नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी रेस अॅक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पार केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात पहिली हाफ आयर्नमॅन झाली आणि व्हिसाशिवाय, साताऱ्याहून गाडीला सायकल बांधून जाण्याजोगी स्पर्धा मिळाली. परदेशी, महागड्या साहित्यावर पैसे घालणं सातारकरांना आता अगदीच नवखं नाही. आदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद आणलं, तेव्हापासून धनुष्याची किंमत ऐकून कोणी डोळे विस्फारत नाही. वरच्या श्रेणीची नवी टीटी मात्र आयात शुल्क धरून सहज दहा लाखांपुढे जाते. हौसेला मोल नसतं हे ठीक, पण एवढ्या पैशात काय घेतोय ते बघायला हवं.

वरचा इतिहास हाताशी धरून बघितलं, तर गेल्या दशकात मोलाचा बदल एकच, डिस्क ब्रेक. त्याआधीच्या बऱ्याच एरो सायकलींचा मागचा ब्रेक वाऱ्यापासून लपवायला पेडलच्या खाली नेलेला असायचा. चिखल, खडी, उसाचं पाचट, सगळं तिथे जमायचं आणि पावसात तो धरायचा नाही. यूसीआयने २०१८ मध्ये डिस्क ब्रेकला पूर्ण मान्यता दिली, त्यानंतरच्या सायकलींत हा प्रश्न मिटला आणि जाड टायरही बसू लागले. कोरेगाव रस्त्यावरच्या खड्ड्यांना २८ मिलिमीटरचा टायर जो आराम देतो, तो फ्रेमची कुठलीही नवी घडण देणार नाही.

तरी ब्रेक कुठे असतो हे चालवून बघावं. एरोबारवर कोपरं टेकून बसल्यावर बोटांपाशी गिअरची बटणं असतात, ब्रेक नसतो. तो खालच्या रुंद हँडलवर. गळीत हंगामात शेतातल्या वाटेवरून उसाची ट्रॉली अचानक डांबरीवर आली, तर आधी हात उचलून खाली न्यायचे, मग दाबायचं. ताशी ३६ किलोमीटरला यात एक सेकंद गेला तर सायकल १० मीटर पुढे गेलेली असते. म्हणून टीटी कासच्या घाटात न्यायची नसते. उतारावर, वळणावर, पर्यटकांच्या गाड्यांमध्ये तिची ती भूमिती अंगावर येते. चाकांचंही तसंच. हवाईतल्या कोना इथल्या वाऱ्यामुळे तिथे मागे डिस्क चाक लावायला बरीच वर्षं मनाई होती. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या उगाच नव्हे, तिथल्या वाऱ्यात ८० मिलिमीटर खोल रिम लावून बघणाऱ्याला एकदाच पुरे होतं.

यूसीआयच्या मंजुरीचा शिक्का गोव्यात कोणी विचारत नाही. राष्ट्रीय टाइम ट्रायलमध्ये उतरायचं असेल तरच तो हवा. ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये तर मागे चिकटून चालवायला परवानगी आहे आणि तिथे रोड बाइकच लागते, त्यामुळे पोराला त्या वाटेने पाठवायचं असेल तर टीटीचा विचारच नको. बाकीच्यांनी आधी आहे त्या सायकलीला क्लिप-ऑन एरोबार लावावा, सीट थोडी पुढे घ्यावी आणि ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, सलग तासभर तसं बसून बघावं. मान आणि खांदे तासभर टिकत नसतील तर नवी फ्रेम काही करणार नाही, कारण वाऱ्यातला मोठा वाटा शरीराचा. टिकत असतील तर सायकल अंगाला बसवून देणाऱ्या फिटरकडून त्याच बैठकीचा स्टॅक आणि रीच, म्हणजे फ्रेमची उंची आणि लांबी मोजून घ्यावी आणि त्या मापाची सायकल शोधावी. नाव कुठलंही असो, साल कुठलंही असो. हँडल आणि फोर्कच्या आतून गेलेल्या केबलींचंही विचारून घ्यावं. विमानाने न्यायला सायकल खोलताना कोणी दोन बोल्ट काढतं, कोणी अख्खी संध्याकाळ घालवतं, आणि साताऱ्यात ते काम जमणारे हात मोजकेच.

वाट बघायची की नाही याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरला. कोनाच्या तोंडावर जाहीर झालेलं मॉडेल आपल्या हाती येईतो स्पर्धा उरकलेली असते, म्हणजे वरातीमागून घोडं. उलट नवं मॉडेल आलं की मागच्या वर्षीची डिस्क ब्रेकवाली फ्रेम स्वस्त होते आणि पुण्या-मुंबईकडच्या लोकांच्या वापरलेल्या सायकलीही विक्रीला निघतात. त्या डिसेंबर-जानेवारीत बघाव्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये फिटिंग करून घ्यावं. जूनमध्ये पाऊस लागला की साताऱ्यात रस्त्यावरचा सराव असाही कमी होतो. सप्टेंबरपर्यंत ट्रेनरवर त्या बैठकीची सवय करायला पुरेसा वेळ मिळतो.