हॉट टबमधला कुत्रा आणि धापेचे विज्ञान

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या एका परिचितांनी गेल्या हिवाळ्यात गच्चीवरच्या खोलीत हॉट टब बसवून घेतला. त्यांचा लॅब्रॅडोर आता नऊ वर्षांचा झाला आहे आणि सकाळी उठताना त्याचे मागचे पाय आखडतात. बर्फाळ प्रदेशातील एक कुत्रा वाफाळत्या पाण्यात डोळे मिटून बसला आहे, अशी एक चित्रफीत त्यांनी मोबाइलवर पाहिली आणि मला विचारले, ‘सर, हे पाणी माझ्या हाताला छान सोसते, मग त्याला का सोसू नये?’ प्रश्न अगदी रास्त आहे. बंबातल्या कढत पाण्यात विसण घालायचे, हात बुडवून पाहायचा आणि मगच लेकराच्या अंगावर तांब्या ओतायचा, अशीच आपल्या घरांची रीत आहे. मात्र कुत्र्याच्या बाबतीत ही परीक्षा फसवी ठरते. हॉट टब ज्या तापमानाला चालवला जातो, त्या तापमानाच्या पाण्यात कुत्र्याला बसवणे सुरक्षित नाही, हे माझे उत्तर मी त्यांना लगेच दिले. त्यामागचे कारण समजावताना मात्र संध्याकाळ गेली.

आपल्या हाताची त्वचा साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे ३९ अंशांचे पाणी तिला सुखद वाटते. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असते. आपल्याला ज्याला ताप म्हणावा लागेल, ती त्याची निरोगी अवस्था आहे. हॉट टबचे पाणी बहुधा ३७ ते ४० अंशांवर ठेवतात आणि माणसांसाठीही ४० अंशांच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सांगितलेली आहे. म्हणजे ते पाणी कुत्र्याच्या रक्ताच्या जवळपास तितकेच किंवा त्याहून अधिक गरम असते. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, हा शाळेत शिकलेला नियम आठवला की खरा प्रश्न समोर येतो: अशा पाण्यात बसलेल्या प्राण्याच्या अंगातील उष्णता बाहेर पडणार कोठून?

ही उष्णता थोडीथोडकी नसते. तीस किलो वजनाचा कुत्रा नुसता शांत पडून असला, तरी त्याचे शरीर सुमारे ४३ वॅट उष्णता निर्माण करते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका लहान बल्बइतकी. तो जागा असेल, पाण्यात तोल सावरत उभा असेल आणि धापा टाकत असेल, तर हा आकडा सहज दुप्पट होतो. एवढ्या आकाराच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे १०५ किलोज्यूल लागतात. बाहेर जाणारी वाट पूर्ण बंद झाली, तर पाण्याने एक कणही उष्णता दिली नाही, तरी केवळ स्वतःच्या उष्णतेने त्याचे तापमान वीसेक मिनिटांत एक अंश चढेल. प्रत्यक्षात ४० अंशांचे पाणीही त्याला उष्णता देत असते, आणि पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे चोवीस पट असल्यामुळे ती वेगाने देते.

माणसाच्या त्वचेवर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. टबात बसलेल्या माणसाचे निदान डोके, मान आणि खांदे घाम गाळत राहतात, आणि डोके जड झाले की तो स्वतः उठून बाहेर येतो. कुत्र्याच्या अंगावर केस असतात. शरीर थंड करण्याच्या उपयोगाच्या घर्मग्रंथी त्याला केवळ पंजांच्या गाद्यांवर असतात. त्या गाद्या पाण्याखाली गेल्या की तेथून बाष्पीभवन होण्याचा प्रश्नच उरत नाही. उरते ती फक्त धाप.

ही धाप म्हणजे निसर्गातील एक अत्यंत कुशल यंत्रणा आहे, आणि तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून मला राहवत नाही. लहालहा करणारा कुत्रा दमला आहे, एवढेच आपण समजतो. तो खरे म्हणजे पाणी वाफेत बदलत असतो. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खर्च होते. तेव्हा वर सांगितलेला एक अंश खाली आणायला सुमारे ४४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन मोठे चमचे पाणी पुरते. हे पाणी नाकातील एका खास ग्रंथीतून, तोंडातील लाळेतून आणि ओल्या श्लेष्मल त्वचेवरून येते. नाकाच्या आत पातळ हाडांच्या वळ्या एकमेकींत गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे ओला पृष्ठभाग फार मोठा होतो. प्राण्यांच्या शरीरक्रियांचे अभ्यासक क्नुट श्मिट-निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली दाखवून दिले, की धापा टाकताना कुत्रा हवा प्रामुख्याने नाकाने आत घेतो आणि शरीर जितके अधिक तापलेले असेल, तितका तिचा मोठा भाग तोंडाने बाहेर सोडतो. वाट एकेरी का? नाकाने आत आलेली हवा वाफ घेऊन भरते आणि नाकातील त्वचा थंड करते. तीच हवा त्याच थंड नाकातून परत गेली, तर तिच्यातील वाफ तेथेच पुन्हा द्रवरूप होईल आणि कमावलेला थंडावा निघून जाईल. म्हणून वाफेने भरलेली हवा तोंडावाटे, जिभेवरून बाहेर काढली जाते.

धापेचा वेगही विलक्षण आहे. विश्रांतीत मिनिटाला दहा ते तीस श्वास घेणारा कुत्रा धापा टाकू लागला की हा आकडा तीनशेच्या पुढे जातो. इतके स्नायू इतक्या वेगाने हलवले, तर त्यांचीच उष्णता वाढून सारा खटाटोप व्यर्थ जायला हवा. युजीन क्रॉफर्ड यांनी १९६२ साली मोजमापे करून दाखवले, की धापेची गती कुत्र्याच्या श्वसनसंस्थेच्या स्वाभाविक कंप्रतेशी, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.३ आंदोलनांशी, जुळलेली असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका रेटा दिला की तो थोड्या श्रमात उंच जातो, तसेच येथे घडते. छाती आणि फुप्फुसे यांची स्थितिस्थापकता बरेचसे काम करून टाकते. शिवाय हे श्वास उथळ असतात, त्यामुळे हवा मुख्यतः नाक, तोंड व श्वासनलिका यांतून ये-जा करते आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा अधिक बाहेर फेकला जात नाही. उष्णता हाताबाहेर गेली की मात्र श्वास खोल होऊ लागतात, कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्ताची आम्ल-अल्कली पातळी बिघडते.

या सुंदर यंत्रणेची एक अट आहे: आजूबाजूची हवा कोरडी हवी. हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो, आणि तोच कूलर जुलैमध्ये नुसता दमटपणा पसरवतो. माठातले पाणीही पावसाळ्यात उन्हाळ्यासारखे गार होत नाही. बाष्पीभवन किती होईल, हे ओल्या पृष्ठभागावरचा बाष्पदाब, म्हणजे तेथील वाफेचा दाब, आणि भोवतालच्या हवेतील बाष्पदाब यांच्या फरकावर ठरते. कुत्र्याची जीभ ३८ अंशांची धरली, तर तेथील बाष्पदाब सुमारे ६.६ किलोपास्कल येतो. मे महिन्यातील ४२ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या दुपारी हवेतील बाष्पदाब साधारण १.२ असतो, म्हणजे फरक ५.४ राहतो. आता बंद खोलीतील टब घेऊ. पाण्यालगत हवा ३६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली, तर बाष्पदाब ५.३ होतो आणि फरक १.३ एवढाच उरतो, म्हणजे जवळपास चौथाई. कुत्र्याचे नाक नेमके याच थरात असते. आपल्या मे महिन्यातील सावलीत जी धाप त्याला तारून नेते, ती येथे लुळी पडते. बर्फात गरम कुंडात बसणाऱ्या जपानी माकडांचा दाखला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की त्यांच्या नाकाशी गोठवणारी, जवळजवळ कोरडी हवा असते.

पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींत तर नाकातील त्या वळ्यांना पुरेशी जागाच नसते. त्यांच्यासाठी टबाजवळची दमट खोलीही धोक्याची आहे.

शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघाताची अवस्था येते. हिरड्या लालभडक होतात, लाळ घट्ट होते, पाय लटपटतात, उलटी होते. येथे एका समजुतीबद्दल कळकळीने सांगायला हवे. सोलापूरची कांद्याची बाजारपेठ राज्यातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे, आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा बाळगण्याची व ऊन लागल्यावर कांद्याचा रस देण्याची चाल आपल्याकडे घरोघरी आहे. खिशातल्या कांद्याने माणसाच्या शरीराचे तापमान उतरत नाही. कुत्र्याच्या पोटात गेलेला कांदा मात्र त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि रक्तक्षय घडवतो. उष्माघात झालेल्या कुत्र्याला कांदा चारणे किंवा त्याची दृष्ट काढत बसणे, यात मोलाची मिनिटे जातात. त्याला ताबडतोब सावलीत आणून अंगभर गार पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि मग पशुवैद्याकडे न्यावे. ओला टॉवेल अंगावर तसाच गुंडाळून ठेवू नये, कारण तो थोड्याच वेळात तापतो आणि वारा अडवतो.

बाकीच्या अडचणी तुलनेने लहान आहेत. क्लोरीनचे पाणी कुत्रा चाटतो, ओलसर राहिलेले कान चिघळतात, केसांनी गाळणी तुंबते आणि अंगावरील मळ क्लोरीन संपवून टाकतो, त्यामुळे पाण्यात जंतू वाढायला वाव मिळतो. माणसाच्या बैठकीसाठी घडवलेल्या गुळगुळीत कडांवरून त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, हे मला यांपैकी सर्वांत गंभीर वाटते. मालक पाण्यात असेल, तर कुत्रा जीव घाबरा होईपर्यंत तेथेच बसून राहतो. त्याला ते आवडते, असा अर्थ आपण काढतो.

आखडलेल्या सांध्यांना पाण्याचा उपयोग होतो, हे खरे आहे. कुत्र्यांच्या जलोपचारात पाणी साधारण २८ ते ३२ अंशांवर ठेवतात. लाभ मुख्यतः पाण्याच्या उत्प्लावक बलाचा असतो, कारण सांध्यांवरचा भार कमी होतो आणि स्नायूंना हालचाल मिळते. माझ्या परिचितांनी पशुवैद्याशी बोलून आता एक उथळ टाके घेतले आहे. त्यांनी त्यात पहिल्यांदा पाणी भरले ते एप्रिलमधल्या एका दुपारी, गच्चीवरच्या काळ्या टाकीतून, आणि थर्मामीटर बुडवल्यावर पारा ३९ वर जाऊन थांबला. तेव्हापासून ते पाणी तळमजल्यावरच्या हौदातून बादलीने आणतात, आणि आकडा ३० च्या आसपास असल्याची खात्री झाल्यावरच कुत्र्याला आत उतरवतात.