प्रथमपुरुषी नेमबाजी खेळ

प्रथमपुरुषी नेमबाजी खेळ : खेळणाऱ्याला खेळातील पात्राच्याच डोळ्यांनी जग दिसते आणि त्याच नजरेच्या रोखाने शस्त्र चालवावे लागते, असा व्हिडिओ गेमचा प्रकार. जगभर तो ‘एफपीएस’ (फर्स्ट-पर्सन शूटर) या आद्याक्षरांनी ओळखतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली पोरे सरसकट ‘गनचा गेम’ म्हणतात. पण त्या नावाखाली या प्रकारात न बसणारेही पुष्कळ येते. ‘प्रथमपुरुषी’ हा शब्द व्याकरणातून घेतलेला आहे : मी, आम्ही. पडद्यावर ‘तो’ धावत नसतो, मी धावत असतो. स्वतःचे शरीर दिसत नाही. दिसलाच तर पडद्याच्या खालच्या कडेशी शस्त्र धरलेला हात. ‘नेमबाजी’ या शब्दाने ऑलिंपिकमधली क्रीडा डोळ्यांसमोर येते ही अडचण खरी. ‘गोळीबार’ त्याहून गैरसोयीचा, कारण या खेळांत बाण आणि जादूचे गोळेही सुटतात.

लक्षणे : बंदूक असणे हे पुरेसे लक्षण नाही. आंगणेवाडीच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक हातात घेणाऱ्यालाही समोरचे फुगे आपल्याच डोळ्यांनी दिसतात, पण तो जागचा हलत नाही. डक हंट (१९८४) हा त्याच जातीचा खेळ. ऑपरेशन वुल्फमध्ये (१९८७) दृश्य सरकते, पण ते खेळ सरकवतो, खेळणारा नव्हे. म्हणून दोन अटी एकत्र धराव्या लागतात : नजर आणि नळी एका रेषेत असली पाहिजे, आणि ती नजर खेळणाऱ्याच्या मर्जीने चालली-वळली पाहिजे. यातून एक तिसरी गोष्ट आपोआप निघते, जिच्याकडे व्याख्या करणारे सहसा लक्ष देत नाहीत : ज्याला मी पाहू शकतो, तो ढोबळमानाने मलाही पाहू शकतो. कोपऱ्यापलीकडे बघायचे तर डोके बाहेर काढावेच लागते. प्रस्तुत नोंदीत हीच कसोटी सर्वांत महत्त्वाची मानली आहे.

शस्त्रांच्या वास्तवतेला मात्र व्याख्येत स्थान नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक कोकणात ज्यांनी जवळून पाहिली आहे (दारू ओता, गजाने ठासा, छर्रे घाला, केप बसवा, तोवर डुक्कर पसार), त्यांना दोन-तीन सेकंदांत पुन्हा भरली जाणारी खेळातली बंदूक गमतीचीच वाटेल.

उगमाचा वाद : पहिलेपणाचा मान दोन खेळांना दिला जातो. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात स्टीव्ह कॉली, ग्रेग थॉम्प्सन आणि हॉवर्ड पामर या तरुणांनी ‘इमलॅक पीडीएस-१’ या यंत्रावर मेझ (पुढे मेझ वॉर) तयार केला. त्याचा काळ १९७३–७४ असा धरतात. आधी तो निव्वळ चक्रव्यूहातून फिरण्याचा कार्यक्रम होता. दोन यंत्रे तारेने जोडल्यावर चक्रव्यूहात समोर दुसरा माणूस आला, आणि त्याच्यावर गोळी झाडण्याची सोय त्यानंतर झाली. प्रतिस्पर्धी एका मोठ्या डोळ्याच्या रूपात दिसे, हे सूचकच म्हणायचे. हालचाल एकेका घराची, वळण नव्वद अंशांचे. थॉम्प्सन एमआयटीत गेल्यावर तेथे हा खेळ वाढला आणि अधिक जणांना एकत्र खेळता येऊ लागला.

दुसरा दावेदार स्पासिम. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकजाळ्यावर जिम बोवेरी यांनी तो १९७४ मध्ये लिहिला. त्यात ३२ जणांना एकाच वेळी अंतराळयाने चालवता येत. ही याने तारेच्या सांगाड्यासारखी रेषांनीच काढलेली असत आणि चित्र सुमारे सेकंदाला एकदा बदले. स्पासिमचा आरंभ मार्च १९७४ असा नेमका सांगितला जातो. मेझचा काळ मात्र बराचसा कर्त्यांच्या आठवणींवर उभा आहे आणि त्यांतल्या काही तब्बल तीस वर्षांनंतर सांगितलेल्या आहेत. तरीही काही महिन्यांच्या पुढेमागेपणापेक्षा आशय पाहणे रास्त. स्पासिम वैमानिकी खेळांचा पूर्वज अधिक शोभतो; भिंत, कोपरा आणि कोपऱ्याआड दबा धरलेला माणूस हे त्रिकूट मेझमध्येच प्रथम भेटते. रणगाड्यातून खेळला जाणारा बॅटलझोन (१९८०) आणि १६ पर्यंत अटारी एसटी संगणक संगीतवाद्यांच्या ‘मिडी’ तारांनी जोडून खेळायचा मिडी मेझ (१९८७) हे मधले टप्पे होत.

तंत्राचा विकास : आजचा साचा घडवला तो टेक्सासमध्ये स्थिरावलेल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने. तिचे हॉवरटँक थ्रीडी (एप्रिल १९९१) आणि कॅटाकोंब थ्रीडी (नोव्हेंबर १९९१) हे पूर्वप्रयोग. पडद्याच्या खालच्या कडेला पात्राचा हात दाखवण्याचा प्रघात बहुधा दुसऱ्यातून पडला. वुल्फेन्स्टाइन थ्रीडी ५ मे १९९२ रोजी आला. त्याआधी दोन महिने आलेल्या अल्टिमा अंडरवर्ल्डचे तंत्र सरस होते, त्यात उतारही होते आणि वर-खाली पाहताही येई. पण तो मुळात भूमिकाप्रधान खेळ असल्याने या परंपरेत त्याला बाजूचे पान मिळते.

वुल्फेन्स्टाइनची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. त्यातला प्रत्येक मजला म्हणजे ६४ × ६४ घरांचा चौकटीचा कागद. प्रत्येक घर भरीव तरी किंवा पोकळ तरी. पडद्याच्या प्रत्येक उभ्या ओळीसाठी डोळ्यातून एकच किरण सोडायचा, तो पहिल्या भरीव घरावर कुठे आदळतो ते काढायचे आणि त्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात भिंतीची उभी पट्टी रंगवायची. अंतर दुप्पट, तर पट्टी निम्मी. पडदा ३२० बिंदू रुंद व २०० बिंदू उंच होता. भिंतींचा हिशेब ६४,००० बिंदूंचा न राहता फार तर ३२० किरणांचा राहिला आणि तो त्या काळच्या घरगुती संगणकाला पेलला. एक बारकावा : किरणाची लांबी तशीच वापरली तर समोरची सपाट भिंत मध्ये फुगलेली व कडेला बारीक झालेली दिसते. म्हणून लांबीला किरण आणि नजरेची दिशा यांमधल्या कोनाच्या कोज्येने (कोसाइनने) गुणावे लागते.

या युक्तीची किंमत म्हणजे जगाचा सपाटपणा. दोन्ही अंगांना सारख्याच उंचीचे चिऱ्याचे गडगे, वळणे काटकोनात आणि चढ-उतार अजिबात नाही, अशा पाणंदीतून चालत राहावे तसा तो खेळ. १० डिसेंबर १९९३ रोजी आलेल्या डूममध्ये पाखाडी आली : पायऱ्या, खालीवर जमिनी, तिरक्या भिंती, उजेड-अंधाराचे पट्टे. जागेचे पुन्हापुन्हा दोन तुकडे करून आधी काय दिसेल याचा क्रम लावून ठेवण्याची रीत इडचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी त्यासाठी वापरली. फुक्स, केडेम आणि नेलर या संशोधकांनी ती १९८० मध्ये मांडली होती. तरी नकाशा मुळात जमिनीवर काढलेला आराखडाच राहिला. त्यामुळे माजघर दाखवता येई, परंतु माजघरावर माळा दाखवता येत नसे. वर-खाली पाहण्याची सोयही नव्हती. शत्रू उंचावर असला तर गोळी आपोआप वर जाई. माळा चढला तो क्वेकमध्ये (२२ जून १९९६), ज्यात जागा आणि राक्षस दोन्ही खऱ्या अर्थाने त्रिमित होते. डाव्या हाताने चालणे व उजव्या हातातल्या माऊसने पाहणे ही पद्धत त्याच सुमारास मुरली. मॅरेथॉनमध्ये (१९९४) माऊसने पाहण्याची सोय आधीच होती. या साऱ्या खेळांना कितीतरी वर्षे नुसते ‘डूमछाप’ म्हणत. प्रकाराला स्वतःचे नाव रूढ झाले ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात.

गोल्डनआय (१९९७) आणि हेलो (२००१) यांनी हा प्रकार दिवाणखान्यातल्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर) बसवला. हाफ-लाइफने (१९९८) गोष्ट सांगतानाही नजर पात्राच्या डोळ्यांतून काढली नाही. बंदुकीची माशी डोळ्यासमोर धरून नेम घेण्याची सवय कॉल ऑफ ड्यूटी (२००३) आणि त्याच्या पिढीतल्या युद्धखेळांनी लावली.

जाळ्यावरचा खेळ : दोन यंत्रांमधला संदेश पोचायला वेळ लागतो. सर्व्हरच्या (सगळ्यांचा खेळ सांभाळणाऱ्या मध्यवर्ती यंत्राच्या) उत्तरासाठी थांबले तर पाय जड झाल्यासारखे वाटते. म्हणून १९९६ अखेरच्या क्वेकवर्ल्डपासून खेळणाऱ्याचे यंत्र स्वतःची हालचाल अंदाजाने आधीच दाखवते व चूक निघाल्यास मागाहून दुरुस्त करते. गोळी लागली की नाही हे ठरवताना अनेक खेळांत सर्व्हर घड्याळ किंचित मागे नेतो आणि झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होते ते पाहतो. मालवणातला पोरगा वैतागून विचारतो, ‘‘मी गडग्याआड गेल्लंय, तरी मेलंय कसो?’’ त्याचे उत्तर हे. त्याच्या पडद्यावर तो आडोशाला पोचला होता. मारणाऱ्याच्या पडद्यावर अजून उघड्यावर होता, आणि न्याय मारणाऱ्याच्या पडद्यावरून झाला.

सीमेवरची उदाहरणे : पोर्टलमध्ये (२००७) हातात बंदूकसदृश यंत्र आणि नजर प्रथमपुरुषी, पण नेम भिंतीवर आणि काम कोडे सोडवण्याचे. मेट्रॉइड प्राइम (२००२) याला अनेकजण साहसखेळ म्हणणे पसंत करतात. वरील कसोटीने दोन्ही तंत्रदृष्ट्या आत येतात, परंतु लढत दुय्यम असल्याने त्यांना शेजारचे मानणे बरे.

कोकण किनाऱ्यावर : २००० नंतरच्या दशकात येथे हा प्रकार पोचला तो मुख्यत्वे सायबर कॅफेंतून. हाफ-लाइफवर बेतलेला काउंटर-स्ट्राइक (१९९९, विक्रीसाठी २०००), त्यातही १.६ ही आवृत्ती, जुन्या संगणकावर चाले आणि इंटरनेट नसले तरी एका खोलीतल्या तारांवर खेळता येई. दोन्ही गोष्टी तालुक्याच्या गावाला सोयीच्या. ‘डस्ट टू’ हा नकाशा ज्याला तोंडपाठ, त्याला मान. वीज गेली की यूपीएसच्या टिटीटिटीत फेरी संपवायची घाई. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरे नव्या सीड्या घेऊन येत आणि गावातल्यांकडून हरत.

मोबाइल आल्यावर चित्र पालटले आणि व्याख्येचा घोळही वाढला. पबजी मोबाइल (भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी) आणि त्याच्या जागी २ जुलै २०२१ रोजी आलेला बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हे मुळात बहुतांशी तृतीयपुरुषी खेळले जातात : नजर पात्राच्या पाठीमागे, जरा उंचावर. भिंतीआड बसून, स्वतः न दिसता, पलीकडचे पाहता येते. म्हणजे वर सांगितलेली तिसरी कसोटी मोडते. त्याच खेळात ‘एफपीपी’ नावाने प्रथमपुरुषी डावही निवडता येतो. शिवाय तृतीयपुरुषी डावातही स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) उघडला की नजर थेट नळीवर येते. सड्यावर रेंज पकडून बसलेला पोरगा अशा रीतीने एकाच सामन्यात कितीतरी वेळा या प्रकारात शिरतो आणि स्कोप मिटला की बाहेर पडतो.